यूएक्स डिझाइनचा दस्तऐवज कसा तयार करायचा? 'ई-पीक पाहणी'च्या उदाहरणातून समजून घ्या

यूएक्स म्हणजे यूजर एक्सपिरियन्स. ॲप वापरणारा माणूस कुठून सुरुवात करतो, कुठे अडतो आणि कुठे वैतागून सोडून देतो, हे कोड लिहिण्याआधी मांडून ठेवणे म्हणजे यूएक्स डिझाइनचा दस्तऐवज. तो शिकायला महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. ड्रॉ.आयओ मोफत आहे आणि ब्राउझरमध्ये चालते. त्याची डेस्कटॉप आवृत्ती इंटरनेटशिवायही वापरता येते.

सरावासाठी ओळखीचे ॲप घ्यावे. राज्य शासनाचे 'ई-पीक पाहणी' ॲप १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रभर सुरू झाले. पूर्वी तलाठी करत असलेली पिकाची नोंद त्यातून शेतकरी स्वतः करू लागले. नोंद राहिली, तर सातबाऱ्यावर पीक दिसत नाही आणि नुकसानभरपाई, पीककर्जाच्या वेळी अडचण येते. म्हणजे इथे एक चुकलेले बटण महागात पडू शकते.

दस्तऐवजाचे पहिले पान वापरणाऱ्याचे. समजा, तो कडेगाव तालुक्यातला शेतकरी आहे: वय ५५, फोन मुलाचा, उसात हरभऱ्याचे आंतरपीक, पाणी टेंभू योजनेचे, शिवारात रेंज कधी असते, कधी नसते. 'स्मार्टफोन वापरणारा ग्रामीण नागरिक' एवढेच लिहिले, तर त्यातून काहीच कळत नाही.

दुसऱ्या पानावर फ्लोचार्ट. लंबगोल म्हणजे सुरुवात किंवा शेवट, आयत म्हणजे कृती, शंकरपाळीच्या आकाराचा चौकोन म्हणजे प्रश्न. गाव, खातेदार, गट क्रमांक, पीक, क्षेत्र, लागवडीची तारीख, सिंचनाचे साधन, फोटो, अशी ही वाट. शंकरपाळीतून दोन बाण निघतात. 'हो'चा बाण सगळेच काढतात, खरे काम 'नाही'च्या बाणाचे असते. रेंज गेली तर भरलेली माहिती राहते का? टेंभूचे पाणी विहिरीत सोडून उपसले, तर साधन कोणते निवडायचे, विहीर की कालवा? आंतरपीक एकच नोंद की दोन? हे प्रश्न आराखड्यात सुटले नाहीत, तर ते बांधावर उभ्या माणसाला सोडवावे लागतात. (हा अर्थात सराव आहे, शासनाचा मूळ आराखडा नव्हे.)

तिसरे पान वायरफ्रेमचे, म्हणजे रंगांशिवाय पडद्याची नुसती मांडणी. ड्रॉ.आयओमध्ये 'मॉकअप' आकारांचा संच जोडला की बटणे आणि रकाने तयार मिळतात. आकारावर दोनदा क्लिक करून मराठीतच लिहावे. 'सबमिट' आणि 'माहिती पाठवा' यांतला फरक तिथेच दिसतो.

पाने खालच्या पट्टीतून वाढवता येतात. चित्र पीएनजी म्हणून काढताना आकृतीची प्रत सोबत ठेवण्याचा पर्याय निवडला, तर तीच फाइल पुन्हा उघडून दुरुस्त करता येते. मात्र व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावी.