दोन हजार फूट

यात्रेच्या दिवसांत तालुक्याच्या गावी उभा राहणारा तंबू असो की शहरातले पक्क्या इमारतीतले थिएटर असो, मुख्य चित्रपटाआधी पडद्यावर जे काही पंधरा-वीस मिनिटे चाले, त्याला माझ्या लहानपणी सरसकट 'न्यूजरील' म्हणत. आणि तिकिटाच्या रांगेत उशीर झालेल्या माणसाला 'घाई नको, अजून न्यूजरीलच चालू असेल' असा धीर देता यावा, यापलीकडे त्याचा उपयोग फारच थोड्यांना वाटत असे. खाऱ्या दाण्यांच्या पुड्या याच वेळात फिरत, ओळखीची माणसे अंधारात हाका मारून एकमेकांना शोधत, आणि डोअरकीपरच्या बॅटरीचा उजेड आमच्या पायांशी नाचत असे. त्या गलबल्यात या देशातले काही अत्यंत धाडसी लघुपट प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोरून निघून गेले, हे मला पुष्कळ वर्षांनी, हातात मोबाइल घेऊन एकट्याने ते पाहताना उमगले, आणि त्या दुर्लक्षाची रुखरुख तेव्हापासून मनातून गेलेली नाही.

मुख्य चित्रपटाआधी हे पट दाखवण्याची सक्ती मुळात युद्धकाळातली. १९४३ साली इंग्रज सरकारने भारत संरक्षण नियमांखाली, सरकारमान्य पट दाखवल्याखेरीज खेळ करू नये, असा हुकूम काढला; १९४६ मध्ये असे पट काढणारे सरकारी खाते गुंडाळले गेले, आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली, तेव्हा तोच हुकूम थिएटरच्या परवान्यातली अट होऊन परत आला. प्रत्येक खेळात दोन हजार फुटांपर्यंत मंजूर फिल्म दाखवलीच पाहिजे, अशी ती अट होती. पस्तीस मिलिमीटरची हजार फूट फिल्म सुमारे अकरा मिनिटे चालते. म्हणजे प्रेक्षकाच्या आयुष्यातली बावीस मिनिटे सरकारने दर खेळाला आपल्या नावे लावून घेतली होती, आणि या फिल्मचे भाडेही थिएटरच्या मालकाकडूनच वसूल होत असे.

धरणे, खते, कुक्कुटपालन, मंत्र्यांचे दौरे, असा ज्या कचेरीच्या दप्तराचा मुख्य ऐवज, फिल्म्स डिव्हिजनच्या त्याच पेडर रोडवरच्या कचेरीत साठच्या दशकाच्या उत्तरार्धात जे घडले, त्याचे श्रेय पुष्कळ अंशी जाँ भावनगरी या गृहस्थाला द्यावे लागते. पारशी वडील आणि फ्रेंच आई यांच्या पोटी मुंबईत जन्मलेला, जादूचे प्रयोग करणारा, मातीची भांडी घडवणारा आणि पॅरिसला युनेस्कोत नोकरी करणारा हा माणूस माहितीमंत्री इंदिरा गांधी यांच्या निमंत्रणावरून १९६५ साली सल्लागार म्हणून येथे परत आला, आणि चित्रकारांना व तरुण दिग्दर्शकांना खात्याच्याच पैशाने मन मानेल तसे काम करण्याची मुभा त्याने मिळवून दिली. मकबूल फिदा हुसेन यांच्या हाती कॅमेरा आला तो याच काळात. राजस्थानात चित्रित केलेल्या त्यांच्या 'थ्रू द आइज ऑफ अ पेंटर' या लघुपटात कथा नाही, निवेदन नाही. छत्री, कंदील, जोडा, गाय अशा वस्तू पुन्हापुन्हा येतात आणि दर वेळी निराळ्या वाटतात. १९६७ साली बर्लिनच्या महोत्सवात लघुपटाचे सुवर्ण अस्वल त्याला मिळाले. त्याच साली एस. एन. एस. शास्त्री यांनी 'आय ॲम ट्वेंटी'मध्ये स्वातंत्र्याबरोबर जन्मलेल्या विशीतल्या मुलामुलींना बोलते केले, आणि सरकारी चित्रपटात सरकारबद्दलची निराशा मोकळेपणी ऐकू आली.

पण माझे मन गुंतले आहे ते प्रमोद पती यांच्या कामात. ओडिशात जन्मलेल्या या कलावंताने प्रागला यिर्झी त्रन्का या कठपुतळी-चित्रपटांच्या आचार्याकडे शिक्षण घेतले होते, आणि १९७५ साली, पंचेचाळिशीही न गाठता, तो गेला. कुटुंबनियोजनाचा सरकारी संदेशही त्याने 'क्लॅक्सप्लोजन'मध्ये जोडप्याच्या तुटक, यंत्रवत हालचालींतून आणि विद्युत्-ध्वनींतून सांगितला. १९६८ च्या 'एक्सप्लोरर'ची सात मिनिटे तर पाहणाऱ्याला अक्षरशः भोवंडून टाकतात: नाचणारी तरुण मुले, देवळे, प्रयोगशाळांतली यंत्रे अशी एकमेकांवर आदळत येतात की पहिल्या खेपेला डोळा केवळ मार खातो, दुसऱ्या खेपेला त्यातली लय कानाला आधी कळते, आणि मग कुठे डोळा तिच्यामागून चालू लागतो. विजय राघव राव यांच्या ध्वनिरचनेचा त्यात निम्मा वाटा आहे, असे माझे मत आहे. थिएटरात मात्र दुसरी खेप नव्हती. फिल्म संपे आणि लोक टाळ्या वाजवत, त्या मुख्य चित्रपटाच्या नावाला.

आज या लघुपटांपैकी बरेचसे खात्यानेच यूट्यूबवर ठेवले आहेत. त्या भांडारात ते खत-बियाण्यांच्या पटांशेजारी, कोणतीही वेगळी खूण न बाळगता पडलेले असतात. एक पाहावा तो दुसऱ्याचे नाव बाजूला दिसते, आणि रात्रीचा दीड कधी वाजतो ते कळत नाही. खुद्द खाते २०२२ च्या मार्चमध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. परवान्यातल्या अटीने जे पाहायला लावले ते आपण पाहिले नाही, आणि अट सुटल्यावर ते हुडकत आलो, यात माझ्या मते प्रेक्षकाचा दोष थोडा आहे. असल्या कलाकृतीला एकांत आणि पुनरावृत्ती लागते, आणि दोन्ही त्या तंबूत मिळण्यासारखी नव्हती.

पतींचा 'अबिद' (१९७२) मी अशाच रात्री किती वेळा पाहिला असेन! चित्रकार आबिद सुरती एका खोलीत वावरत आहेत आणि सभोवती चित्रे उमटत आहेत, एवढाच त्याचा विषय. पण त्यांचे चालणे चालण्यासारखे नाही, कारण एकेक चित्र घेऊन, मधल्या वेळात देह थोडा सरकवून, पुन्हा निश्चल उभे राहून तो सारा पट घेतलेला आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली, 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, भांडवलाची तजवीज करण्यासाठी कुंडीतल्या वाटाण्याचा कोंब वाढताना दाखवला, तोही ठरावीक अंतराने एकेक चित्र घेऊनच. फाळक्यांच्या कोंबाला निश्चल राहण्याचे कष्ट नव्हते. ते या चित्रकाराला पडले. साध्या चित्रपटात धावत्या माणसावर अंगठा ठेवून चित्र थांबवले तर हाताच्या जागी धूसर फटकारा दिसतो. 'अबिद' मी हवा तेथे थांबवून पाहिला: दर वेळी हात रेखीव, बोटे वेगवेगळी, आणि चेहऱ्यावर श्वास रोखून धरलेल्या माणसाचा ताण.