चिकटवहीचं खानदेशी कूळ

आर्ट जर्नल नावाची गोष्ट गेल्या काही वर्षांत मोबाइलवरून पाचोऱ्यापर्यंत पोचली. जुन्या पुस्तकाची पानं, फाडलेला रंगीत कागद, वर्तमानपत्राचं कात्रण, वरून ॲक्रिलिकचा पातळ हात, एखादा शिक्का आणि मग पेनाने लिहिलेल्या चार ओळी, असं एकेक पान रोज भरायचं. चित्र, लेखन आणि चिकटकाम एकाच वहीत. शाळा-कॉलेजातल्या मुलामुलींना याची ओढ वाटते ते मला फार चांगलं लक्षण वाटतं. फक्त एक गोष्ट खटकते. जाड कागदाची वही, जेसो, वॉशी टेप, परदेशी शिक्के असं सगळं साहित्य आधी मागवलं जातं, वही हातात आली की पहिलं पान बिघडेल या धास्तीने ती कोरी राहते, आणि सवय लागण्याआधीच सुटते. ही वही परकी आहे, तिला परकंच सामान लागतं, अशी समजूत त्यामागे असते. म्हणून तिचं मूळ शोधायला निघालो, तर बराचसा माग एरंडोल, धुळे, अमळनेर आणि चाळीसगाव एवढ्या टापूतच सापडला.

परदेशातली शाखा खरी आहे, ती नाकारायचं कारण नाही. पिकासोने १९१२ साली वेताच्या विणीचा छाप असलेलं मेणकापड चित्रावर चिकटवलं आणि चिकटवलेल्या वस्तूला चित्रात मानाची जागा मिळाली. फ्रिडा काहलोने अखेरच्या दहाएक वर्षांत रंगीत रोजनिशी ठेवली. ज्युलिया कॅमेरॉन यांच्या १९९२ सालच्या ‘द आर्टिस्ट्स वे’ या पुस्तकाने रोज सकाळी उठल्याबरोबर तीन पानं लिहिण्याचा परिपाठ घालून दिला. डॅन एल्डन हा तरुण छायाचित्रकार १९९३ मध्ये सोमालियात मारला गेला, तेव्हा तो अवघा २२ वर्षांचा होता. फोटो, रंग, तिकिटं आणि मजकुराने फुगलेल्या त्याच्या वह्या १९९७ मध्ये पुस्तकरूपाने आल्या आणि आर्ट जर्नलला आजचा चेहरा मिळाला. या शाखेला फार तर शंभर-सव्वाशे वर्षं झाली.

आपल्याकडे पूर्वज शोधायचे म्हटलं की पाचोरेकराचं बोट आधी अजिंठ्याकडे जातं. ते साहजिक आहे. अजिंठ्याला जाणारे प्रवासी पूर्वी पाचोऱ्याला उतरून पीजेने, म्हणजे पाचोरा-जामनेर छोट्या रेल्वेने, पहूरपर्यंत जात आणि पुढची वाट धरत, त्यामुळे लेणी आपल्या दारचीच वाटतात. पण या वहीच्या कुळात मी अजिंठा धरणार नाही. ते दानातून उभं राहिलेलं, संघासाठी केलेलं, कसबी कारागिरांच्या गटांचं काम. एका माणसाचं रोजचं पान ही फार छोटी आणि खाजगी वस्तू आहे. तिचा माग भिंतीवर लागायचा नाही, तो कागदावरच शोधावा लागतो.

आणि कागद खानदेशात होता. आपल्या शेजारचं एरंडोल आणि तापीपलीकडचं यावल ही दोन्ही गावं एके काळी जाड्याभरड्या देशी कागदासाठी नावाजलेली होती. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांनी त्याची नोंद केली आहे. गिरणीचा कागद स्वस्त झाला आणि तो धंदा बसला.

या कागदावर रोज लिहिणारा पहिला माणूस कवी नव्हता, चित्रकारही नव्हता. तो कारकून होता आणि पेढीवरचा दिवाणजी होता. पेशवाईच्या दफ्तरात दिवसाचा व्यवहार त्याच दिवशी रोजकीर्दीत चढायचा. कापसाच्या पेठेतही रोजमेळ जुळल्याशिवाय पेढी बंद होत नसे. लाल कापडी बांधणीच्या त्या चोपडीकडे आजच्या मुलांनी एकदा नीट पाहावं. लक्ष्मीपूजनाच्या रात्री पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक, ‘श्री’ची उतरंड, ‘शुभ-लाभ’, वर हळद आणि झेंडूची पाकळी. पुढे वर्षभर शाई, अंगठ्याचे ठसे, तिकीट लावून केलेल्या सह्या, मध्येच टाचलेली चिठ्ठी. पहिलं पान बिघडण्याची भीती तिथे उरतच नाही, कारण ते पूजेतच रंगून जातं. कोऱ्या वहीची धास्ती घालवायला याहून सोपा विधी मला माहीत नाही.

दिवाणजीच्या चोपडीइतकंच जवळचं नातं बाडाचं. घरात एखादं बाड असायचं. त्यात अभंग, आरत्या, औषधाचा काढा, कुणाची कुंडली, उसनवारीचा आकडा असं सगळं शेजारीशेजारी नांदायचं. विषयांची सरमिसळ हा त्या वहीचा स्वभावच होता. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव फिरले ते अशाच कागदांच्या मागे. त्यांचा शेवट धुळ्यात झाला, ३१ डिसेंबर १९२६ रोजी, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने तिथे संशोधन मंडळ उभं राहिलं.

धुळ्यात आणखी एक ठिकाण आहे, तिथे थोडं थांबायला हवं. शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ साली सत्कार्योत्तेजक सभा काढली आणि समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं मठामठांतून गोळा केली. ती आज समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. समर्थांच्या हातचं म्हणून जपलेलं वाल्मीकि रामायणही तिथेच आहे. एका तरुण साधकाने एवढा ग्रंथ उतरून काढायचा म्हणजे दिवसामागून दिवस बैठक मारणं आलं. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे, आणि माझ्या मते मराठीतलं वही भरण्याविषयीचं सर्वांत नेमकं शिक्षण त्यात आहे. बोरू देशोदेशीचे आणावेत, नाना रंगांचे असावेत. शाई आणि हिंगूळ यांचा साठा करून ठेवावा. पानाच्या चारी बाजूंना जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाही. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते वाचता येत नाही. साहित्य, रंग, समास, डोळ्यांचं वय या सगळ्याचा विचार त्यांनी केला आहे. वही दीर्घकाळ टिकावी आणि आपणच ती पुढे उघडावी, हे गृहीत धरून ही सूचना दिलेली आहे. आज जर्नल शिकवणारे चिकटवण्याच्या क्लृप्त्या पुष्कळ सांगतात. चाळीस वर्षांनी ते पान तुम्हाला वाचता यावं, हे सांगणारा मला दुसरा भेटलेला नाही.

यानंतर जो माणूस येतो त्याच्यासाठीच खरं तर मी हा मागोवा लिहितो आहे. साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. ती शाळा पुढे प्रताप हायस्कूल म्हणून ओळखली जाऊ लागली. वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि त्यांनी मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक सुरू केलं. दैनिक, म्हणजे रोज. छापखाना नाही, मदतीला कुणी नाही, शाळेचे तास आणि मुलांची दुखणीखुपणी सांभाळून गुरुजी ते स्वतःच्या हाताने लिहीत. १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ मासिक निघालं, त्याआधी हा रोजचा अभ्यास होऊन गेला होता.

ही सवय टिकली कशी, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. गुरुजींचा जीव मोठा होता हे उत्तर खरं आहे, पण आपल्याला ते उपयोगी पडत नाही. दुसरं उत्तर उपयोगी पडतं. त्या पानाची कुणीतरी वाट पाहत होतं. आज पान नाही असं म्हटलं असतं तर वसतिगृहातल्या मुलांचे चेहरे उतरले असते. एकट्याच्या निश्चयाला रोज नव्याने धार लावावी लागते. वाट पाहणारी मुलं असली की तो प्रश्न निघतच नाही.

याची दुसरी साक्ष धुळ्याच्या तुरुंगातली. विनोबांनी १९३२ साली तिथे गीतेवर प्रवचनं दिली, पहिलं २१ फेब्रुवारीला आणि शेवटचं १९ जूनला. दर रविवारी एक अध्याय. पंचांग काढून मोजलं तर बरोबर अठरा रविवार भरतात, एकही चुकलेला नाही. ती प्रवचनं उतरून घेतली साने गुरुजींनी आणि त्यातून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झालं. ठरलेला वार, ठरलेली जागा, बोलणारा एक आणि टिपणारा एक. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ‘श्यामची आई’ अवघ्या पाच दिवसांत लिहून काढलं. त्या पाच दिवसांचं कौतुक सगळे करतात. त्यामागे अमळनेरला रोज घासलेला हात होता, असं मी मानतो.

गुरुजींच्या दैनिकाची भावंडं मराठी शाळांतून पुढे अनेक वर्षं जगली. वर्षातून एकदा निघणारं हस्तलिखित ज्यांनी पाहिलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको. ज्याचं अक्षर चांगलं त्याने लिहायचं, एलिमेंटरी-इंटरमिजिएट झालेल्याने मुखपृष्ठ आणि वेलबुट्टीची चौकट काढायची, कुणी मासिकातलं चित्र कापून आणायचं, घरून आणलेल्या खळीने ते डकवायचं. रंग बहुधा कॅम्लिनचे. दांडेकरांनी १९३१ साली शाईपासून सुरू केलेला तो मराठी कारखाना नसता तर तालुक्याच्या गावात पोस्टर कलर इतक्या सहज मिळाले नसते. कात्रण, चित्र, अक्षर आणि रंग एका पानावर आणणारी ही कला शाळेने फुकट शिकवली. तिच्यात उणीव एकच होती, ती वर्षाकाठी एकदा यायची.

रोजची वही चालवली ती बायकांनी, आणि तिची नोंद कलेच्या इतिहासात मला आढळलेली नाही. रांगोळीची वही घ्या. ठिपक्यांची मांडणी, स्केचपेनचे रंग, दिवाळीच्या पुरवणीतलं कात्रण, मागच्या पानावर आखाजीचं किंवा कानबाईचं अहिराणी गाणं, मध्येच स्वेटरच्या टाक्यांचा हिशेब, लोणच्याचं प्रमाण. सकाळी अंगणात काढायची ती रांगोळी रात्री वहीत ठरायची. अंगणातली दुसऱ्या दिवशी पुसली जायची, वहीतली राहायची. सरावाला याहून चांगली रचना कुणी सांगावी? जागा ठरलेली, वेळ ठरलेली, पाहणारी सगळी गल्ली.

वही नसतानाही सवय असते याचं मोठं उदाहरण जळगावचं आहे. बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. जातं, शेत, चूल या रोजच्या कामांना जोडून त्यांची गाणी आली. मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या मंडळींनी ती उतरून ठेवली. १९५१ साली त्या गेल्यानंतर ती वही आचार्य अत्र्यांपर्यंत पोचली आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं. कुणी लिहून घेतलं नसतं तर महाराष्ट्र कशाला मुकला असता, याचा विचार करूनही धसका बसतो.

चित्रकारांमध्ये मात्र आपल्या रुळावरचं एक घर जवळचं आहे. पाचोऱ्याहून चाळीसगावला गाडीने जायला तास लागत नाही. तिथे स्टेशनाजवळ केकी मूस राहिले. १९१२ साली मुंबईत जन्मलेला, इंग्लंडमध्ये छायाचित्रण शिकलेला हा पारशी कलावंत चाळीसगावच्या आपल्या बंगल्यात कित्येक दशकं जवळजवळ घराबाहेर न पडता काम करत राहिला. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून त्यातून डोंगर, वाट, बर्फ असा देखावा उभा करायचा आणि त्याचं छायाचित्र घ्यायचं, ही त्यांची खासियत. त्याशिवाय चित्रं, मातीकाम, लाकडातलं कोरीव काम, कागदाच्या घड्यांच्या आकृती. ३१ डिसेंबर १९८९ रोजी ते गेले. बंगल्याचं आता संग्रहालय झालं आहे. मिश्र माध्यम म्हणजे काय, हे मोबाइलवर शोधण्याआधी तिथे जाऊन पाहता येतं. सामान किती साधं असू शकतं हेही तिथेच कळतं.

पुढची दोन नावं खानदेशाबाहेरची, पण वहीच्या कुळातली. रवींद्रनाथांनी १९२४ साली ‘पूरबी’च्या हस्तलिखितात खोडलेल्या ओळी एकमेकींना जोडून त्यांतून आकृती काढल्या आणि त्या खोडाखोडीतून पुढे त्यांची चित्रकला फुलत गेली. आपल्या प्रभाकर बरव्यांनी वर्षानुवर्षं रोजनिशा लिहिल्या, त्यांत विचार आणि रेखाटनं एकत्र नांदतात. १९९० सालचं त्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ वाचलं की त्या सवयीची खोली कळते. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयातल्या प्रदर्शनात त्यांच्या चित्रांबरोबर या वह्याही मांडल्या होत्या. चित्रांइतकीच त्यांच्यासमोर थांबण्याची गरज होती.

तेव्हा पाचोऱ्यातल्या ज्या मुलामुलींना ही वही सुरू करायची आहे त्यांना माझं सांगणं आहे. महागडी वही मागवू नका. बाजारात अजून लाल चोपडी मिळते, ती घ्या आणि पहिल्या पानाला कुंकू लावून टाका. कणकेची खळ करा. कपाशीच्या बियाण्याचं पाकीट, एसटीचं तिकीट, वाळलेलं केळीचं सोपट, पीजेचं जुनं तिकीट घरात कुठे सापडलं तर तेही, असं जे हाताशी येईल ते चिकटवा. कडेला जागा सोडा आणि अक्षर मध्यम ठेवा. वेळ एकच धरा, आणि घरातलं किंवा शेजारचं एक माणूस असं गाठा जे रोज विचारील, आजचं पान कुठे आहे.

आणि घरातल्या मोठ्यांना एक विनंती. आजीची रांगोळीची वही, गाण्यांची वही, आजोबांची रोजमेळाची चोपडी रद्दीवाल्याच्या तराजूत टाकण्याआधी एकदा पानं उलटून पाहा. ठेवायला जागा नसेल तर निदान तिचे फोटो काढून ठेवा, आणि जुनं बाड निघालं तर धुळ्याच्या राजवाडे मंडळाला कळवा.