ध्वनिमुद्रिकेचा पुनःप्रयोग : बार्सेलोना, २००२

संगीताच्या इतिहासात ‘मूळ कृती’ कशास म्हणावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आपल्याकडे बंदिश गुरुमुखातून शिष्याकडे येते आणि प्रत्येक मैफलीत नवा विस्तार पावते. पाश्चात्त्य अभिजात संगीतात स्वरलिपी हाच प्रमाण पाठ मानण्यात येतो. रॉक संगीताची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथे स्वरलिपी गौण असून ध्वनिमुद्रिका हीच कृती होय. अशा कृतीचा दुसऱ्या कलावंतांनी समग्र प्रयोग केला, तर त्यास अनुकरण म्हणावे की भाष्य? या प्रश्नाचा विचार करण्यास फेब्रुवारी २००२ मधील बार्सेलोना येथील एक कार्यक्रम उपयुक्त ठरतो.

त्या कार्यक्रमात ‘ड्रीम थिएटर’ या अमेरिकन वृंदाने ‘मेटॅलिका’ या वृंदाची ‘मास्टर ऑफ पपेट्स’ ही ध्वनिमुद्रिका आरंभापासून अखेरपर्यंत वाजविली. मूळ मुद्रिका मार्च १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे मुद्रण कोपनहेगन येथे फ्लेमिंग रासमुसेन यांच्या साहाय्याने झाले होते. तीत आठ रचना असून तिची लांबी सुमारे पंचावन्न मिनिटे आहे. ड्रीम थिएटरचा उगम १९८५ मध्ये बॉस्टन येथील बर्कली संगीत महाविद्यालयात झाला. म्हणजे मूळ मुद्रिका निघाली त्या सुमारास हे वादक विद्यार्थिदशेत होते आणि ज्या संगीतावर त्यांची पिढी वाढली, त्यात या मुद्रिकेचे स्थान मोठे होते. ‘प्रोग्रेसिव्ह मेटल’ या नावाने पुढे ओळखली गेलेली त्यांची शैली दीर्घ रचना, विषम ताल आणि वादनकौशल्य यांवर उभी आहे. तिचे एक मूळ मेटॅलिकात आहे, हे कोणत्याही श्रोत्याच्या ध्यानी येते.

कार्यक्रमाची योजना लक्षणीय होती. एकाच नगरात लागोपाठ दोन रात्री कार्यक्रम ठेवावयाचे, पैकी दुसरी रात्र विशेष असेल एवढेच सांगावयाचे आणि काय वाजणार हे मात्र गुप्त ठेवावयाचे, असा हा प्रकार होता. पुढे शिकागो व न्यूयॉर्क येथेही हीच मुद्रिका वाजविण्यात आली. त्याच वर्षी ऑक्टोबरात पॅरिस येथे ‘आयर्न मेडन’ची १९८२ मधील ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ ही मुद्रिका याच रीतीने सादर झाली. एखादे लोकप्रिय गीत दुसऱ्याने गाणे ही जुनीच प्रथा आहे. येथे मात्र गीतांचा क्रमही जसाच्या तसा राखला गेला. ‘अखंड ग्रंथ’ म्हणून मुद्रिकेकडे पाहण्याची ही दृष्टी होय.

तथापि पाठ अविकृत राहिला, असे म्हणता येत नाही. मूळ वृंदात चार जण होते, येथे पाच होते. मूळ मुद्रिकेत गिटारांचा घणाघात प्रधान आहे, तर येथे जॉर्डन रूडेस यांचा कीबोर्ड सिद्ध होता. जेम्स हेटफील्ड यांचा खर्जाकडे झुकणारा, खडबडीत आवाज आणि जेम्स लाब्री यांचा उंच पट्टीचा, सुसंस्कृत आवाज यांत अंतर मोठे. कित्येक श्रोत्यांस हे रुचले नाही. आपण ज्यांना ऐकावयास आलो त्यांनी दुसऱ्यांचेच का वाजवावे, अशी तक्रारही झाली. ती अगदीच निराधार नव्हती. प्रेक्षकाने मूल्य देऊन घेतलेली रात्र कलावंताने आपल्या गुरुऋणासाठी खर्च करावी काय, हा प्रश्न त्यामागे होता.

या तक्रारीचे उत्तर मला सातव्या रचनेत सापडते. ‘ओरायन’ ही सुमारे साडेआठ मिनिटांची, शब्दविरहित रचना आहे. तिच्या घडणीत मेटॅलिकाचे बासवादक क्लिफ बर्टन यांचा वाटा मोठा होता. २७ सप्टेंबर १९८६ रोजी स्वीडनमध्ये बस उलटून त्यांचा मृत्यू झाला आणि त्यांच्या अंत्यविधीच्या वेळी हीच रचना ऐकविण्यात आली. त्यानंतर मेटॅलिकाने तिचे अंश मधूनमधून वाजविले, परंतु ती संपूर्ण वाजविली नव्हती. ती त्यांनी प्रथम संपूर्ण वाजविली जून २००६ मध्ये, जर्मनीतील ‘रॉक आम रिंग’ महोत्सवात. मुद्रिकेस वीस वर्षे झाल्याच्या निमित्ताने त्यांनी तेथे सर्व आठ रचना क्रमाने सादर केल्या. अर्थात, निर्मात्यांच्या चार वर्षे आधी हा समग्र पाठ रंगमंचावर आला तो अनुयायांच्या हातून.

एकामुळे दुसरे घडले, असा निष्कर्ष यातून काढणे धाडसाचे होईल. कालक्रम हा कार्यकारणभाव नव्हे. परंतु एवढे निश्चित म्हणता येईल, की निर्मात्यांना जी रचना वियोगामुळे जड झाली असावी, ती परंपरेला जड नव्हती. कृती कर्त्यापासून सुटी होते ती अशा क्षणी. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने आपल्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत ‘मास्टर ऑफ पपेट्स’चा समावेश केल्याचे २०१६ मध्ये जाहीर झाले. त्या नोंदवहीतील ती पहिली मेटल मुद्रिका होय. विद्वानांनी दिलेली ही मान्यता योग्यच आहे. मात्र कोणतीही कृती अभिजात ठरते ती प्रथम पुढील पिढीच्या वादकांच्या बोटांतून, आणि नोंदवह्या त्यानंतर भरतात. बार्सेलोनाच्या त्या रात्रीचे ऐतिहासिक मोल यातच आहे.