अंगुलिमालाचे मौन

मज्झिमनिकायातील ८६ वे सुत्त अंगुलिमालाचे. कोसल देशातील गावे व निगम त्याने ओसाड केले, मारलेल्यांच्या बोटांची माळ धारण केली, हे तेथे स्पष्ट आहे. पूर्वी आपण हिंसक होतो, अशी कबुली थेरगाथेत तो स्वतः देतो. परंतु पहिला वध कोणाचा व कशासाठी केला, याविषयी तो अवाक्षर काढीत नाही. तक्षशिलेचा आचार्य व सहस्र बोटांची गुरुदक्षिणा ही हकिकत अट्ठकथेतील, म्हणजे ५ व्या शतकातील बुद्धघोषांच्या संकलनातील होय.

हे मौन लपवाछपवीचे म्हणावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. अडलेल्या स्त्रीपुढे, जन्मापासून जाणूनबुजून प्राणिवध केला नाही, असे सत्यवचन उच्चारण्यास भगवंतांनी सांगितले, तेव्हा ते असत्य ठरेल अशी हरकत त्यानेच घेतली. मग भगवंतांनी ‘आर्यजन्मापासून’ अशी दुरुस्ती सुचविली. असत्याला इतका भिणारा भिक्षू पहिल्या वधाचे कारण सांगत नाही, ते बहुधा कारणाबरोबर दोषही दुसऱ्याकडे जातो म्हणून. अट्ठकथेत तो आचार्याकडे गेलाच. सुत्तातील अंगुलिमाल मात्र फुटलेले डोके व भंगलेले पात्र घेऊन भगवंतांकडे येतो. ते त्याला सहन करावयास सांगतात.