ऋतुकाल: पुढे मोजावा की मागे?

(१/११) अपत्यप्राप्तीसाठी सकस आहार घ्यावा, तंबाखू सोडावी, वजन आटोक्यात ठेवावे, हे सल्ले सर्वपरिचित आहेत. याच यादीत दिवस मोजण्याची एक साधी सवयही येते. ती योग्य रीतीने मोजायला वैद्यकाला विसावे शतक उजाडावे लागले. त्या मोजणीचा हा इतिहास.

(२/११) सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भधारणेसाठी चार गोष्टी आवश्यक मानल्या आहेत: ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज. म्हणजे योग्य काळ, निरोगी गर्भाशय, पोषक रस आणि सुदृढ बीज. रूपक उघडच शेतीचे आहे. वाफसा साधला नाही तर उत्तम बियाणेही वाया जाते, हे कृषिसमाजाला सांगावे लागत नव्हते.

(३/११) हा ऋतुकाल सुश्रुताने बारा रात्रींचा, तर मनुस्मृतीने सोळा रात्रींचा सांगितला. मनूची मोजणी रजोदर्शनापासून पुढे चालते व पहिल्या चार रात्री वर्ज्य ठरवते. अठ्ठावीस दिवसांच्या चक्रात साधारण नववा ते चौदावा दिवस फलदायी असतो. तो या सोळा रात्रींत बसतो. सम रात्री पुत्र व विषम रात्री कन्या, या समजुतीला मात्र कोणताही आधार नाही.

(४/११) अडचण दीर्घ चक्राच्या स्त्रियांची होती. पस्तीस दिवसांच्या चक्रात फलदायी दिवस साधारण सोळा ते एकवीस असे येतात. सोळा रात्री काटेकोर पाळणाऱ्या घरात अशा स्त्रीचा योग्य काळ जवळजवळ संपूर्णच निसटू शकत असे. आणि वंध्या पत्नी असता आठव्या वर्षी दुसरी करावी, अशी तरतूद त्याच मनुस्मृतीत आहे. मोजणीतल्या चुकीचा दंड कोणी भरायचा, हे आधीच ठरलेले होते.

(५/११) युरोपातील आधुनिक वैद्यकाने तर उलटीच दिशा धरली. १८४३ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर बिशॉफ यांनी कुत्रीच्या निरीक्षणातून दाखवले की माजाच्या काळात बीजकोशातून बीज आपोआप सुटते. शोध मोलाचा होता; त्यावरून काढलेला निष्कर्ष घातक ठरला. कुत्रीचा माजाच्या वेळचा स्राव आणि स्त्रीची पाळी एकच आहेत, असे धरले गेले.

(६/११) वस्तुतः कुत्रीचा स्राव बीज सुटण्याच्या आधी होतो. स्त्रीची पाळी गर्भ न राहिल्यामुळे, बीज सुटल्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी येते. परंतु पुढची कित्येक दशके अनेक वैद्यकीय पुस्तिका पाळीच्या आगेमागेचे दिवस सर्वांत फलदायी व महिन्याचा मध्य निर्धोक असल्याचे सांगत राहिल्या. मूल हवे असलेली आणि नको असलेली, दोन्ही जोडपी फसत होती.

(७/११) ही गाठ जपानमधील निईगाता शहरात सुटली. क्युसाकु ओगिनो हे तेथील ताकेयामा रुग्णालयातले स्त्रीरोगतज्ज्ञ. लग्नानंतर तीन वर्षांत मूल न झालेल्या सुनेने सासर सोडावे, असे जपानमध्ये पूर्वी बोलले जाई. शस्त्रक्रियेच्या वेळी दिसणारी बीजकोशाची अवस्था आणि त्या स्त्रीच्या पाळीच्या तारखा ओगिनो ताडून पाहू लागले.

(८/११) १९२४ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला: बीज पुढच्या पाळीच्या १२ ते १६ दिवस आधी सुटते. म्हणजे मोजणी मागून करायची. चक्र लांबते ते मुख्यतः पूर्वार्धात. उत्तरार्ध तुलनेने स्थिर राहतो. ऑस्ट्रियात हर्मान क्नाउस यांनीही त्याच दशकात स्वतंत्रपणे असाच निष्कर्ष काढला.

(९/११) पुढे घडले ते विलक्षण. ओगिनोंना हे ज्ञान प्रामुख्याने मूल हवे असलेल्यांसाठी उपयुक्त वाटत होते; जगाने ते संततिनियमनासाठी उचलले. १९३० च्या दशकात ‘ओगिनो पद्धत’ युरोप-अमेरिकेतल्या कॅथलिक कुटुंबांत पसरली. चक्र दर महिन्याला ठरलेल्या वेळी चालत नाही, म्हणून गर्भनिरोधासाठी ही पद्धत भरवशाची नव्हे, असे स्वतः ओगिनो म्हणत राहिले.

(१०/११) १९९५ मध्ये अमेरिकेतील अॅलन विल्कॉक्स व सहकाऱ्यांनी २२१ स्त्रियांच्या अभ्यासातून हा काळ नेमका केला: बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच, असे एकूण सहा दिवस. शुक्रजंतू शरीरात काही दिवस तग धरतात. बीज मात्र जेमतेम एक दिवस टिकते. म्हणून नंतरच्या दिवसांपेक्षा आधीचे दिवस महत्त्वाचे.

(११/११) सुश्रुताच्या चार घटकांपैकी ‘ऋतू’ असा उलगडला. ‘बीज’ पुरुषाचेही असते, हे कुटुंबांनी स्वीकारणे अजून पुरते झालेले नाही. तंबाखू, अति मद्य, लठ्ठपणा आणि वृषणांना सतत मिळणारी उष्णता शुक्रजंतूंना बाधक ठरतात. बंद बीजवाहिनी मात्र कोणत्याही दिनचर्येने उघडत नाही. म्हणूनच वर्षभर, आणि स्त्रीचे वय पस्तिशीपुढे असल्यास सहा महिने, प्रयत्न करूनही गर्भ न राहिल्यास दोघांनीही तपासणी करावी, असे आजचे वैद्यक सांगते. मनूच्या आठ वर्षांच्या आणि जपानी सासरच्या तीन वर्षांच्या मुदतीत तपासणी एकाचीही नव्हती. निकाल मात्र एकटीविरुद्ध लागत होता.