बारकोड वाचणाऱ्या लेसरची कुळकथा

दुकानातील वस्तूची ओळख यंत्राने वाचावी ही कल्पना लेसरपेक्षा जुनी आहे. फिलाडेल्फियातील ड्रेक्सेल संस्थेशी संबंधित असलेले नॉर्मन जोसेफ वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर यांनी तिच्या पेटंटसाठी १९४९ मध्ये अर्ज केला आणि १९५२ मध्ये ते त्यांना मिळाले. मोर्स संकेतातील टिंबे आणि रेघा खाली ओढल्या की जाडबारीक उभ्या पट्ट्या तयार होतात, हे वुडलँड यांच्या विचाराचे मूळ होते. त्यांच्या प्रायोगिक यंत्रात ५०० वॅटचा दिवा आणि बोलपटांच्या ध्वनियंत्रणेसाठी बनवलेली, प्रकाशाचे विद्युत्संकेतात रूपांतर करणारी नळी होती. पट्ट्या वाचल्या जात, पण दिव्याच्या उष्णतेने कागद धुमसू लागे. लेसरची धास्ती बाळगणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की या कुळात कागद जाळणारे यंत्र लेसरपूर्वीचे होते.

दिव्याचा प्रकाश सर्व दिशांना विखुरतो, त्यामुळे एका बारीक पट्टीच्या वाट्याला त्याचा अत्यल्प अंश येतो. लेसरचा प्रकाश मात्र जवळजवळ एकाच तरंगलांबीचा असतो आणि तो अरुंद झोतात एकवटलेला राहतो. हेलियम आणि निऑन या वायूंच्या मिश्रणावर चालणारा लेसर बेल प्रयोगशाळेत १९६० मध्ये प्रथम चालला. त्याचा झोत अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा होता. १९६२ मध्ये त्याच मिश्रणातून ६३२.८ नॅनोमीटरचा तांबडा झोत मिळाला आणि बारकोडला हवा होता तो प्रकाश हाती आला. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय येथील मार्श सुपरमार्केटमध्ये च्युइंगमचे एक पाकीट अशा यंत्रावरून सरकले, तेव्हा आयबीएमच्या जॉर्ज लॉरर यांनी आखलेल्या पट्ट्यांचा संकेत व्यवहारात उतरला.

बारकोड वाचणे म्हणजे खरे पाहता काळ मोजणे होय. फिरत्या आरशावरून परावर्तित झालेला झोत पट्ट्यांवरून वेगाने सरकतो. काळी पट्टी प्रकाश शोषून घेते, पांढरी जागा तो परत फेकते, आणि संवेदकाकडे येणाऱ्या या चढउतारांच्या कालावधींच्या प्रमाणावरून पट्ट्यांच्या जाडीचे प्रमाण, व त्यावरून अंक काढले जातात. काउंटरच्या काचेखालील यंत्रात स्थिर आरशांचा आणखी एक संच झोताला निरनिराळ्या दिशांना वळवून एकमेकींना छेदणाऱ्या रेषांचे जाळे तयार करतो, म्हणून वस्तू नेमकी सरळ धरावी लागत नाही. पांढऱ्या कागदावरील तांबड्या पट्ट्या मात्र या यंत्राला दिसत नाहीत, कारण तांबडी शाई तांबडा प्रकाश कागदाइतकाच परत फेकते.

झोताची हीच गती सुरक्षिततेचाही पाया आहे. अशा लेसरची शक्ती सामान्यतः एका मिलिवॅटच्या आसपास असते. ती दिव्याच्या तुलनेत नगण्य असली, तरी डोळ्याचे भिंग समांतर झोत दृष्टिपटलावरील सूक्ष्म ठिपक्यात एकवटत असल्यामुळे केवळ आकड्यावरून निर्धास्त होणे योग्य नव्हे. सरकता झोत बाहुलीवरून क्षणाच्या अल्पांशात निघून जातो, त्यामुळे डोळ्यात शिरणारी सरासरी ऊर्जा फार कमी राहते. अमेरिकेत १९७६ पासून लागू झालेल्या नियमांनुसार लेसर उपकरणांचे धोक्याच्या पातळीप्रमाणे वर्ग पाडण्यात आले. त्यांतील दुसऱ्या वर्गात सतत चालणाऱ्या दृश्य लेसरसाठी एक मिलिवॅटची मर्यादा आहे, आणि तीव्र प्रकाशाने पापणी सुमारे पाव सेकंदात आपोआप मिटते हे त्यामागील गृहीत आहे. मुद्दाम रोखून पाहणाऱ्याला ते गृहीत वाचवू शकत नाही, म्हणून झोतात टक लावून पाहू नये ही सूचना पाळण्यासाठीच लिहिलेली असते. आरसा थांबला आणि झोत एकाच जागी खिळला तरी उपकरणाने आपल्या वर्गाची मर्यादा ओलांडू नये, अशीही अट आहे. त्यासाठी आरशाची गती बिघडताच लेसर बंद करणारी योजना केली जाते. आवरण उघडून आतील झोताशी खेळणाऱ्याला हे संरक्षण उरत नाही.

हा प्रकाश क्ष-किरणांसारखा पदार्थाच्या आत शिरून रेणूंची मोडतोड करणारा नव्हे, त्यामुळे त्याखालून गेलेले दूध वा भाजी दूषित होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पुढे वायूच्या नळीची जागा अर्धवाहकापासून बनवलेल्या लहान लेसर डायोडने घेतली. आज हातात धरायच्या अनेक यंत्रांत तर लेसरच नसतो: त्यांतील तांबडा उजेड साध्या एलईडीचा असतो आणि वाचनाचे काम कॅमेरा करतो.