चित्रफीत-अंतःस्थापन

जालपृष्ठाच्या मजकुरातच चित्रफितीचा दर्शक बसवून वाचकास ती त्याच ठिकाणी पाहण्याची सोय करून देणारी संगणकीय योजना [पहा : जालपृष्ठ].

आरंभी हे कार्य फ्लॅशसारख्या जोड-प्रणालींवर अवलंबून होते. २००७ मध्ये ऑपेरा कंपनीने स्वतंत्र ‘व्हिडिओ’ घटकाचा प्रस्ताव मांडला, २०१४ मध्ये एचटीएमएल-५ प्रमाणकात त्यास मंजुरी मिळाली आणि २०२० अखेर फ्लॅश संपुष्टात आले [पहा : एचटीएमएल].

फीत स्वतःच्या सेवासंगणकावरून ‘व्हिडिओ’ घटकाद्वारे अथवा यूट्यूबसारख्या परक्या संचयस्थानावरून ‘आयफ्रेम’ चौकटीद्वारे दाखविली जाते. दुसऱ्या प्रकारात दर्शकाची आज्ञावली फीत सुरू होण्यापूर्वीच उतरून पृष्ठ मंदावत असल्याने, प्रथम केवळ मुखचित्र दाखवून वाचकाने कळ दाबल्यावर, वा चौकट दृष्टिपथात येऊ लागल्यावरच, दर्शक मागविण्याचा प्रघात आहे. लांबी-रुंदी आगाऊ मुक्रर केल्याने मजकूर जागचा हलत नाही. फितीचे लहान खंड पाडून जोडणीच्या वेगानुसार त्यांची प्रत बदलणाऱ्या एचएलएससारख्या (२००९) पद्धतींमुळे प्रसारणात खंड कमी पडतो [पहा : प्रवाही प्रसारण].

या उपायांनी विदेचा व्यय घटतो, मंद जोडणीवरही मजकूर सत्वर वाचनीय होतो, आणि उपशीर्षकांच्या जोडीने कर्णबधिर वाचकांसही फितीचा आशय उपलब्ध होतो [पहा : सुगम्यता].